भरल्या गाडीतला आवाज

काकांची गाडी सात माणसांची होती आणि गेलं वर्षभर तिच्यात एकच माणूस बसत होता. तोही चालवायला. मागच्या दोन्ही ओळींच्या सीटांवरून काका दर रविवारी ओलं फडकं फिरवायचे, पट्टे सरळ करून ठेवायचे आणि दारं लावून घ्यायचे. कुणी बसतच नाही तर पुसता कशाला, असं विचारण्याची सोय नव्हती, कारण काका खवळले असते. गाडी आहे म्हटल्यावर पुसायला नको?

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. छत्तीस वर्षं लोकांच्या लाइनीतले दोष शोधण्यात गेली. तक्रार आली की ती वहीत उतरवायची, शिडी खांद्यावर टाकायची आणि दोष सापडेपर्यंत घरी परतायचं नाही, ही त्यांची कामाची रीत. काकू म्हणायच्या, ह्यांच्यासमोर नुसतं बरं वाटत नाही म्हणून चालत नाही, कुठे, कधीपासून आणि किती वाजता तेही सांगावं लागतं. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा लांबच्या शहरात, सून तिथेच नोकरीला, नात नऊ वर्षांची, नातू पाचाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस ही मंडळी यायची. त्या चार दिवसांच्या जोरावर काका उरलेलं वर्ष ढकलायचे. हे मीच सांगून टाकतो. त्यांच्या तोंडून ते कधी निघालं नसतं.

तर मागच्या वर्षी झालं असं, की स्टेशनवरून सगळ्यांना घेऊन घरी येताना गाडीच्या एसीतून आवाज यायला लागला. खालच्या पट्टीतला, घूंऽऽ करून घुमणारा. मिनिटभर यायचा, थांबायचा, पुन्हा सुरू. नातवाने कानांवर हात ठेवले. काकांनी पंखा कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला, जाळीवर चापट मारून पाहिली. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तळ्यावर जायचं ठरलं होतं. काका सकाळी सहाला उठून गाडी धुऊन, पाण्याच्या बाटल्या भरून तयार, आणि बघतात तर फाटकाशी भाड्याची टॅक्सी उभी. मुलगा इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाबा, तुमच्या एसीचा आवाज फार होतो हो. पोरांचं डोकं दुखतं." तुम्हीही टॅक्सीतून चला म्हणाला, नाही असं नाही. पण ड्रायव्हर धरून पाच जणांच्या त्या टॅक्सीत सहावा माणूस कुठे बसणार? काकांनी गुडघे दुखत असल्याचं सांगितलं आणि ते घरी राहिले. चारही दिवस टॅक्सी येत राहिली. चारही दिवस काकांचे गुडघे दुखत राहिले.

मंडळी परत गेली आणि काकांनी ती तक्रार मनातल्या वहीत उतरवून घेतली. एसीचा आवाज. बस, एवढाच काय तो दोष. तो निघाला की गाडी पुन्हा भरणार.

मग सुरू झाली गॅरेजांची वारी. पहिल्या मेकॅनिकने एसीचा पट्टा बदलला. दुसऱ्याने डॅशबोर्ड उघडून पंख्याच्या पिंजऱ्यातून एक वाळकं पान काढलं आणि लढाई जिंकल्यासारखा चेहरा केला. तिसऱ्याने कॉम्प्रेसरचं बेअरिंग बदललं. प्रत्येक वेळी काका गाडी घेऊन एकटे जायचे, मेकॅनिक शेजारी बसायचा, दोघे कान टवकारून चक्कर मारायचे आणि आवाज मूग गिळून गप्प. तिसरा तर म्हणाला, काका, एकदा कान तपासून घ्या. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसत्या खरखरीवरून कुठल्या खांबावरचा जोड ओला झालाय ते ओळखणारे कान होते ते. कान तपासा म्हणे!

आणि अशात मुलाचा फोन आला. गुरुवारी येतोय, चार दिवस. स्टेशनवरून टॅक्सी करून येऊ, तुम्ही त्रास घेऊ नका. काका घाईघाईने म्हणाले, अरे, टॅक्सी कशाला, मी येतो न्यायला, एसी नीट करून घेतोय. मग मुलगा म्हणाला, बरं, आवाज गेला असेल तर बघू. त्या 'बघू'वर काका दोन रात्री नीट झोपले नाहीत.

कुणीतरी त्यांना बर्फ्याचं नाव सांगितलं. टायरच्या दुकानामागे त्याची शेड, आणि गाड्यांच्या एसीखेरीज दुसऱ्या कशाला तो हात लावत नसे. त्याचं खरं नाव फक्त त्याच्या लायसन्सला ठाऊक होतं. बायको सुट्या भागांचं काउंटर सांभाळायची आणि शेजारचा पेंटर, हा दांडगा, अर्धा दिवस ह्यांच्याच बाकावर बसलेला असायचा. काका सोमवारी तिथे गेले आणि पट्टा, पान, बेअरिंग अशी सगळी कर्मकथा त्यांनी एका दमात सांगितली. बर्फ्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. हात पुसत त्याने विचारलं, "आवाज आला तेव्हा गाडीत कोण कोण होतं?"

वर्षभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. काका जे सुटले ते थांबेचनात. पुढे माझ्या शेजारी मुलगा. मधल्या ओळीत खिडकीशी सून, तिच्या शेजारी नातू, कारण त्याला गाडी लागते. नात एकदम मागे, तिला मागच्या काचेतून रस्ता पळताना बघायचा असतो. बॅगा तिच्या पायाशी. कोण काय खात होतं तेही त्यांनी सांगितलं. बर्फ्या काउंटरवरच्या पुठ्ठ्यावर चौकोन काढत ऐकत होता. मग त्याने एकेकाचं वजन विचारायला सुरुवात केली. मुलगा ऐंशीच्या आसपास. सून पंचावन्न-साठ. नातू?

काका थांबले. मागच्या वर्षी त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं होतं, तेव्हा चौदा-पंधरा किलो असेल. आताचं काही सांगता येईना. बर्फ्या म्हणाला, पोरं भराभर वाढतात, सतरा धरू. नातीचे तीस धरू. काका हो म्हणाले. आपल्या नातवंडांचं वजन एका परक्या माणसाने अंदाजाने ठरवावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बर्फ्याचं म्हणणं साधं होतं. सात माणसांच्या गाडीत मागच्यांसाठी वेगळा पंखा असतो आणि त्याच्या गॅसच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून मागे जातात. गाडी भरली की मागून खाली बसते. तेव्हा काहीतरी कशाला तरी टेकत असणार. काका एकटे असताना ते टेकणारच नाही. रिकाम्या गाडीत हा आवाज जन्मात ऐकू येणार नाही, मग गॅरेज तीन फिरा नाहीतर तेरा. म्हणून आवाज शोधायचा तर आधी गाडी भरायची, जशी भरली होती तशी.

बुधवारी सकाळी गाडी भरली. मुलाच्या जागी पेंटर, ऐंशीला थोडा भारीच. सुनेच्या जागी बर्फ्याची बायको. नातवाच्या जागी एसीच्या गॅसचा एक सिलिंडर, नातीच्या जागी दोन, आणि सिलिंडर घरंगळू नयेत म्हणून त्यांना सीटचे पट्टे लावलेले. बॅगांऐवजी हत्यारांची पेटी. आणि मागे, दोन सिलिंडरांच्या पायाशी, बर्फ्या स्वतः फरशीला कान लावून आडवा. काका स्टिअरिंगवर बसले. त्यांनी आरशात पाहिलं, तर सगळ्या सीटांवर काही ना काही होतं. गाडी नेहमीपेक्षा जड उचलली, क्लच सोडताना ते त्यांच्या पायाला कळलं, आणि त्यांना एकदम भरून आलं. सिलिंडर तर सिलिंडर. वर्षभरानंतर गाडी भरली होती.

पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं असं ठरलं होतं. चौकाच्या आधीच आवाज आला. घूंऽऽ. तोच. काका आनंदाने ओरडले, "हा बघ! हा!" आणि बर्फ्याला दाखवायला मागे वळले, तेवढ्यात कुठून कोण जाणे एक स्कूटरवाला मध्ये तडमडला. काकांनी ब्रेक मारला. हल्ली लोक डोळे मिटूनच चालवतात. पुढे सिग्नलला एक ट्रकवाला उगाच हॉर्न मारत बसला. पिवळाच तर होता सिग्नल. म्हणजे काका निघाले तेव्हा पिवळा होता. गाडीत मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पेंटर एरवी तोंड मिटत नसे, पण आज वरची कडी धरून गप्प होता. बर्फ्याची बायको खिडकीबाहेर बघत नव्हती, समोर बघत होती, आणि तिचा एक हात शेजारच्या सिलिंडरवर घट्ट होता. काकांना वाटलं, काय शहाणी माणसं आहेत, आवाज ऐकू यावा म्हणून श्वासही जपून घेतायत.

टाकीपाशी गाडी थांबली. बर्फ्या धुळीने माखलेला बाहेर आला. त्याला जागा जवळजवळ कळली होती, पण पक्की करायची होती. तो म्हणाला, येताना मी चालवतो, गाडी कुठल्या वेगाला बोलते ते मला पायाला कळू दे. तुम्ही मागे बसा आणि फरशीवर ह्या ठिकाणी हात ठेवा, थरथरलं की सांगा. काका मागे जाऊन बसले, दोन सिलिंडरांच्या शेजारी. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते.

गाडी निघाली. दोन-तीन मिनिटं झाली असतील, पेंटरने कडी सोडली आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. एका दाराचा रंग जुळत नाही म्हणून त्या बाबाने सगळी गाडीच दाराच्या रंगाची करून मागितली म्हणे. बर्फ्याची बायको खो-खो हसली. तिने पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना दिली, मागे वळून काकांनाही दिली. मग स्वयंपाकाचं निघालं, भावजयीचं निघालं, बर्फ्याच्या घोरण्याचं निघालं. पेंटर म्हणाला, त्याच्या घोरण्याचा दोष शोधायला कुणाला भरायचं गाडीत? आणि चौघे... नाही, तिघेच हसले.

काका हसले नाहीत. तळहाताखाली फरशी थरथरत होती आणि ते सांगायचं विसरले होते.

जाताना ही माणसं गप्प होती. येताना तीच माणसं बोलत होती. मधे बदललं होतं एवढंच, की स्टिअरिंगवर काका नव्हते.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. मागच्या वर्षीही स्टेशनवरून येताना गाडीत कुणी बोललं नव्हतं. सुनेचा हात असाच नातवावर घट्ट होता. मुलगा असाच कडीला लटकून होता. नातवाने कानांवर हात ठेवले होते तेव्हा त्याचे डोळेही मिटलेले होते. आणि त्याच्याही मागे, काकू होत्या तोवरचं. उजवीकडून स्कूटर येतेय, अहो. लाल झाला, अहो. हळू, पोरगं धावतंय. अखंड चालायची ती टकळी, आणि काका वैतागून म्हणायचे, तूच चालव ना मग. तीच चालवत होती. तीन वर्षांपूर्वी गाडीचे डोळे गेले होते आणि काकांना वाटलं होतं, गाडीतली कटकट गेली.

छत्तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं की. लोक सांगतात, लाइन मेली, आणि घरी जाऊन बघावं तर रिसीव्हर खाली काढून ठेवलेला. तक्रार एक आणि दोष भलताच. दुसऱ्यांच्या घरी हे त्यांना उंबऱ्यावरच कळायचं. स्वतःच्या पोराने कधी नव्हे ती एक तक्रार केली, आणि ती त्यांनी जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

शेडमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली. बर्फ्या खाली उतरला आणि पाचच मिनिटांत त्याने काकांना बोलावून दाखवलं. नळीला धरणारी रबराची पकड तुटून गेली होती. गाडी भरून खाली बसली की नळी सांगाड्यावर टेकायची आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळी फरशी घुमायची. घासून नळीचा तेवढा भाग चकचकीत झाला होता. गाडी अशी भरून आणखी थोडी फिरली असती तर भोक पडून गॅस गेला असता, म्हणजे आवाज काही खोटा नव्हता. बर्फ्याने नळी वाकवून बाजूला घेतली, नवी पकड कसली, मध्ये रबराचा जाड तुकडा भरला. काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते. पेंटर आणि बायको आपापल्या कामाला गेले तेव्हा त्यांनी विचारलं.

"बर्फ्या, तुझी पोरं माझ्या गाडीत बसवशील?"

बर्फ्याचा पाना थांबला. त्याने वर पाहिलं नाही.

"डोळे कधी तपासले होते, काका?"

"मी काय विचारतोय?"

"नाही बसवणार," बर्फ्या म्हणाला. मग पाना फिरवत म्हणाला, "रागावू नका."

काका रागावले नाहीत. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर ते फाटक लावून बराच वेळ गाडीतच बसून राहिले, स्टिअरिंगवर हात ठेवून, इंजिन बंद. मुलाने त्यांना तोंडावर सांगितलं नव्हतं, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. आणि थोड्या वेळाने हेही कळलं, की त्या पोराने एक अख्खं वर्ष बापाचा मान राखायला एका नळीचा आधार घेतला होता. त्यांनी डोळे पुसले. मग फडकं आणून सीटा पुसल्या, बुधवार असूनही.

गुरुवारी सकाळी बर्फ्या न बोलावता फाटकाशी हजर. आवाज बघायचाय म्हणाला, आणि सरळ स्टिअरिंगवर बसला. स्टेशनच्या आवारात त्याने गाडी सावलीत लावली, किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि काही न बोलता बसच्या थांब्याकडे चालू लागला.

आगगाडी आली. मुलाचं पोट सुटलं होतं, सून वाळली होती. नातू इतका उंच झाला होता की काकांनी त्याला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. सतरा नव्हे, एकोणीस तरी असेल. नमस्कार झाले, बॅगा मोजून झाल्या, आणि मग सगळे बाहेरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. समोर एका बाजूला काकांची गाडी, दुसऱ्या बाजूला टॅक्सींची रांग. मुलगा घसा साफ करायला लागला. सून नातवाच्या शर्टाची बटणं उगाच नीट करायला लागली. काकांना ते दिसत होतं. चाळीस वर्षं त्यांनी घरातल्या कुणाच्या हातात किल्ली दिली नव्हती.

"किल्ली घे," त्यांनी मुलाला सांगितलं. "तू चालव. मला मागे बसून ऐकायचंय, आवाज गेला का ते. तो मागूनच नीट कळतो."

मुलाने किल्लीकडे पाहिलं, मग बापाकडे. सुनेने मान वळवली आणि पदर नव्हता म्हणून डोळ्यांना मनगट लावलं. काका स्वतःच मागचं दार उघडून एकदम शेवटच्या ओळीत जाऊन बसले आणि नात धावत त्यांच्या शेजारी.

गाडी निघाली. मुलगा बरा चालवत होता, जरा जास्तच हळू. काकांनी खाली वाकून फरशीवर हात ठेवला. एसी सुरू झाला, गार वारा आला, आणि फरशी थंड, शांत, मेल्यासारखी स्थिर. बर्फ्याने काम चोख केलं होतं. चौक मागे पडला तशी गाडीत हळूहळू कुजबुज सुरू झाली. सुनेने ऑफिसातली गंमत काढली. नातवाला भूक लागली. नात काकांच्या दंडाला टेकून मागच्या काचेतून पळणारा रस्ता दाखवत होती, आणि तिला पोहायला येतं, पाण्याखाली वीस आकडे मोजेपर्यंत राहता येतं, हे सांगत होती. मग सगळेच एकदम बोलायला लागले. त्या गोंगाटात एसी तर सोडाच, इंजिन फुटलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

तेवढ्यात पुढून मुलाने विचारलं, बाबा, येतोय का हो आवाज? आणि सगळे गप्प झाले. नातवानेसुद्धा श्वास धरला. चार जणांचे आठ कान काकांकडे लागले.

काकांनी हात फरशीवर तसाच ठेवला. पुढचा चौक येईपर्यंत ते ऐकत राहिले. काही नव्हतं, काडीइतकंही नव्हतं.

"आहे," काका म्हणाले. "बारीक आहे अजून. उद्या सगळ्यांना परत बसावं लागेल."